सगळ्यांनाच क्लोराइड

परवा वाशीमहून कारंज्याकडे जाणाऱ्या एसटीत दोन पोरी चढल्या आणि अर्ध्या बसनं नाकाला रुमाल लावला. सडक्या अंड्यांचा वास! कंडक्टर मागेपुढे हुंगत फिरला. "कोनाच्या डब्यात काय सडून राह्यलं, बाप्पा?" पोरी खाली मान घालून उभ्या. हातात गुंडाळलेला पांढरा ॲप्रन, त्याच्या बाहीवर ॲसिडची बारीक बारीक भोकं. मी खिडकीकडे सरकले आणि म्हटलं, "या वं, अथी बसा. दुसरा ग्रुप चालू आहे का?"

दोघी दचकल्याच. एकीनं घाबरत विचारलं, "मॅडम, तुमाले कसं माहीत?"

कसं माहीत! अगं, तीन वर्षं हाच वास अंगावर घेऊन मी कारंजा ते कामरगाव केलं आहे. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अनोळखी पांढरी पूड देतात आणि तिच्यात काय आहे ते ओळखायला लावतात. त्यातल्या दुसऱ्या गटाच्या धातूंसाठी हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडावा लागतो. तो एकदा कपड्यांत शिरला की साबणाच्या बापाचंही ऐकत नाही. लोकांना मोगऱ्याच्या वासानं जुने दिवस आठवतात म्हणे. आपलं नशीब हे असं. मी त्या पोरींच्या शेजारी बसून कारंज्यापर्यंत खुशाल श्वास घेत गेले.

मार्च लागला की आमच्याकडे ऊन एकदम डोक्यावर येतं. रस्त्याकडेचे पळस पानं झाडून नुसते केशरी उभे राहतात. गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडतात, हरभरा सोंगायला येतो, बांधावर कुठेतरी ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजत असतो आणि त्याचा धूर सडकेवर येतो. बाकीच्या जगासाठी हा होळीचा मोसम. आमच्यासाठी तो प्रॅक्टिकल परीक्षेचा मोसम होता. हुळ्यानं काळे झालेले ओठ आणि सिल्व्हर नायट्रेटनं काळी झालेली बोटं घेऊन आम्ही हिंडत असू. ते डाग घासून जात नाहीत, कातडीच बदलावी लागते. माझी माय म्हणायची, "पोट्टी कॉलेजात जाते का कोळशाच्या वखारीत?"

मायचं आणि केमिस्ट्रीचं तसं बरं जमायचं. हरभऱ्याच्या शेतात सकाळी चाललं की पाय चुरचुरतात, कारण पानांवर आंब असते. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "माय, ते मॅलिक ॲसिड हाय. ऑक्झॅलिकबी असते थोडं." माय खुरपं खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आमी जलमभर ॲसिडातच चालून राह्यलो, अन् परीक्षा तुयी!"

बाबांची काळी-पिवळी जीप होती. कामरगाव-कारंजा, कारंजा-कामरगाव. बाहेरून सात-आठ माणसांची दिसायची, पण आत किती मावतात ते फक्त बाबांनाच ठाऊक. "सरका जराक, सरका, जागा मनात पाह्यजे," म्हणत ते आणखी दोघं बसवायचे. संध्याकाळी मी लॅबमधून थेट त्या गर्दीत शिरले की बोंबाबोंब व्हायची. एकदा एक म्हातारे काका ओरडले, "ड्रायवर, गाडीत काही मेलं का रे?" बाबांनी आरशातून मागे पाहिलं आणि इतक्या रुबाबात म्हणाले, "मेलं नाई काका, पोरगी केमिस्ट्री शिकून राह्यली. वास त येईनच." काकांनी नाकावरचा हात काढला. जणू वास सहन करणं म्हणजे शिक्षणाला हातभार लावणं.

पण केमिस्ट्री शिकून पुढे काय, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. गावाच्या मते केमिस्ट्री म्हणजे औषधाचं दुकान. "पोरीले मेडिकल टाकून देनार का?" हा प्रश्न बाबांना रोज एकदा तरी यायचा. आत्यानं तर तिच्या ओळखीच्या एका मेडिकलवाल्याकडे माझी काउंटरवरची जागा धरूनच ठेवली होती. वाईट नव्हती ती नोकरी. पण मला अमरावतीला एम.एस्सी. करायची होती. मला अनोळखी पूड हातात घेऊन तिचं नाव शोधायचं वेड लागलं होतं, आणि काउंटरवर प्रत्येक डबीवर नाव आधीच छापलेलं असतं. अडचण एकच. थेअरीत मी बेताची. मेरिट लिस्टमध्ये घुसायचं तर शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मार्क पडायलाच हवे होते. पडले तर अमरावती, नाहीतर काउंटर. मधलं काही नव्हतं.

माझी मैत्रीण रुबीना, कारंज्याची. तिच्या अब्बांचा सोड्याच्या बाटल्या भरायचा छोटा कारखाना होता. कार्बन डायऑक्साइडशी तिची लहानपणापासूनची घसट, त्यामुळे ती वायूंना घाबरत नसे. माणसांनाही नसे. आम्ही दोघी एका टेबलावर. परीक्षेच्या आधीच्या रविवारी आम्ही पळसाची फुलं उकळून त्या पाण्यात आधी लिंबू आणि मग चुना टाकून बघत बसलो. चुन्यानं रंग असा गडद केशरी होतो की बघत राहावं. "एवढ्यात त होळी बी होईन अन् रिव्हिजन बी," रुबीना म्हणाली. रिव्हिजन झाली नाही. होळी झाली.

आमच्या कॉलेजात एक्स्टर्नल येणार म्हणजे घरात व्याही येण्यासारखं. बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक ते. त्यांच्यासाठी स्टँडवरून गरम कचोरी, संत्री, थंड पाण्याचा जग. वर्षभर न हसणारे आमचे सर त्या दिवशी सकाळपासून हसत होते, आणि त्याचीच आम्हाला जास्त भीती वाटत होती. कुणीतरी भक्तिभावानं गॅसच्या उपकरणाशेजारी उदबत्ती लावली. सर धावत आले. "अबे, तो वायू पेट घेतो! डिपार्टमेंट उडवता का?" उदबत्ती विझली आणि परीक्षा सुरू झाली.

प्रत्येकाला वेगळी पुडी. माझी पांढरी, किंचित ओलसर. आधी कोरडी तपासणी असते. चिमूटभर पूड नळीत घ्यायची, वर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड टाकायचं, नळीच्या तोंडाशी अमोनियात बुडवलेली काचेची काडी धरायची. क्लोराइड असला तर पांढरा धूर उठतो. माझ्या नळीतून काही उठलं नाही. ठीक, क्लोराइड नाही. मग ओली तपासणी. पूड पाण्यात विरघळवली, थेंबभर नायट्रिक ॲसिड, वर सिल्व्हर नायट्रेट. आणि बघते तर दह्यासारखा पांढरा साका! म्हणजे क्लोराइड आहे.

एकच पूड, दोन उत्तरं. मी पुन्हा धूर शोधला. नाही. पुन्हा साका बघितला. आहे.

तेवढ्यात रुबीनानं डोळ्यांनी विचारलं, काय आलं? मी ओठ हलवले, क्लोराइड. तिचा चेहरा फुलला. "मले बी!" पलीकडच्या टेबलावरचा मुलगा कुजबुजला, "क्लोराइड हाय नं? माया बी!" हळूहळू सगळ्या लॅबभर ती आनंदाची कुजबूज पसरली. तुले काय? क्लोराइड. अन् तुले? क्लोराइड. एकमेकांचं उत्तर जुळलं की माणसाला काय धीर येतो! पुड्या वेगवेगळ्या आहेत, मग सगळ्यांत एकच गोष्ट कशी निघेल, हे त्या हर्षात कुणाच्या डोक्यात शिरेना. माझ्याही पटकन शिरलं नाही. मला वाटलं, आपलीच कोरडी तपासणी चुकली. एवढी पोरं म्हणतात म्हणजे असेलच की.

पेन उचलून मी 'क्लोराइड' लिहायला घेतलं आणि हात थबकला. कोरड्या तपासणीत आणि ओल्या तपासणीत फरक कशाचा? पाण्याचा. बस, पाण्याचाच. मी एक स्वच्छ नळी घेतली. तिच्यात पूड टाकलीच नाही. नुसतं बाटलीतलं पाणी, थेंबभर नायट्रिक, वर सिल्व्हर नायट्रेट.

नळी दुधासारखी पांढरी झाली.

क्लोराइड पुडीत नव्हताच! क्लोराइड बाटलीत होता. तिच्यात शुद्ध केलेलं डिस्टिल्ड पाणी असायला हवं; हे नक्कीच बोअरचं, आणि आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि सिल्व्हर नायट्रेटला मात्र ते लगेच सापडतं.

"ए, काय करून राह्यली?" रुबीनानं नळी बघितली आणि तिचा चेहरा उतरला. मग ती दात दाबून म्हणाली, "चूप बस हं. सगळ्यांचं क्लोराइड हाय. चुकलं त सगळे चुकतीन, गुण वाढवून देतीन. तू एकटीच वेगळं लिहिशीन अन् तेच चुकलं त? अमरावती विसर मग!"

ती काही चुकीचं बोलत नव्हती. पुढे जाऊन बोलायचं म्हणजे व्याह्यांसमोर घरचं पाणी खराब म्हणायचं. सरांना काय वाटेल? आणि एक्स्टर्नल चिडले तर? मार्क त्यांच्याच हातात. पण हातातली नळी पांढरी होती, आणि जे डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं, हे तर याच लॅबमध्ये शिकवलं होतं. मी नळी घेऊन निघाले.

एक्स्टर्नल अमरावतीचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोर कचोरी तशीच पडलेली आणि ते काहीतरी लिहीत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "आता शंका विचारायची वेळ नाही, बाई."

"शंका नाई सर," घाबरल्यावर माझी बोली आपोआप घरची होते, "पुडीत क्लोराइड नाई. पान्यातच हाय. हे नुसतं पानी हाय, पाहा."

त्यांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली. मग सरांकडे वळून विचारलं, "हे पाणी कुठलं?"

सरांचं हसू गेलं. लॅबचे काका पुढे आले आणि निरागसपणे म्हणाले, "सर, पानी गाळायच्या मशीनची कॉइल त परवाच जळली. क्यान रिकामी होती, मंग बोअरचं भरून टाकलं. पानी त पानीच असते नं."

ते लिहीत होते तो कागद एक्स्टर्नलनी उचलून सरांना दाखवला. "मघापासून बघतोय. ज्याच्या टेबलाशी जावं त्याला क्लोराइड. मला वाटलं, एकानं सांगितलं आणि सगळ्यांनी उतरवलं. परीक्षा रद्द करा म्हणून मी अर्धा अहवाल लिहिला होता." त्यांनी तो कागद फाडला. आमच्या जिवात जीव येतो न येतो तोच ते म्हणाले, "पण शुद्ध पाणी नसेल तर परीक्षा थांबवावीच लागेल. पुढची तारीख विद्यापीठ देईल तेव्हा."

देईल तेव्हा! तोवर एम.एस्सी.ची लिस्ट लागून जाणार. गेलं. इतकं करून पुन्हा काउंटरच. डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि मला एकदम आठवलं, दर महिन्याला मीच बाबांच्या जीपच्या बॅटरीत पाणी टाकत असे. नळाचं टाकलं की बॅटरी मरते म्हणून दुकानातून मिळतं ते.

"सर, बॅटरीचं पानी! डिस्टिल्डच असते ते!"

सरांनी स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. बाबा त्या वेळी स्टँडवर सवाऱ्या भरत होते. "बाबा, बॅटरीचं पानी लागते. लय सारं. आत्ताच. लॅबमधी."

"काहून वं? आता बॅटरी शिकून राह्यली का?"

"बाबा, माया पेपर हाय!"

त्यांनी फोनच ठेवला. थोड्याच वेळात कॉलेजच्या फाटकातून जीप आत आली ती सवाऱ्यांसकट. उतरवायला वेळ कुठे होता? बाबा दोन्ही हातांत बाटल्या घेऊन पायऱ्या चढले, मागून एक सवारी खोकं घेऊन, आणि बाकीची सगळी लॅबच्या खिडकीला येऊन लागली. एका म्हातारीनं आत डोकावून विचारलं, "कोनाले सलाइन लावून राह्यले वं माय?"

एक्स्टर्नल म्हणाले, "आधी तपासा." नळी मलाच दिली. बॅटरीचं पाणी, थेंबभर नायट्रिक, वर सिल्व्हर नायट्रेट. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. नळीत काहीच झालं नाही. आरपार स्वच्छ. काहीच न होण्याचा इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. खिडकीतल्या सवाऱ्यांना काय चाललंय ते कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून केलं. माझ्या पुडीत सल्फेट निघाला. आणि रुबीनाच्या पुडीत काय निघालं असेल? क्लोराइड! खराखुरा. "मी पहिलेच म्हनलं होतं नं!" ती आजतागायत हे मला ऐकवते.

जाताना एक्स्टर्नलनी दाराशी उभ्या बाबांना विचारलं, "तुमची मुलगी का?"

"हो साहेब. पास हाय का?"

"असं सांगता येत नाही."

"नका सांगू, नका सांगू. मी आपला पानी द्याले आलो." असं म्हणून बाबा ताबडतोब सवाऱ्या गोळा करायला लागले. माझ्याकडे मात्र त्यांनी जाता जाता अशा काही नजरेनं बघितलं की बस.

त्या एका लॅबमधून कोण कुठे गेलं! रुबीना संभाजीनगरकडे एका औषध कंपनीत आहे. गोळ्यांची बॅच तिची सही झाल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि तिथले मोठमोठे साहेब तिला वचकून असतात. एक मुलगा सोयाबीन तेलाच्या प्लांटमध्ये शिफ्ट केमिस्ट आहे. एक माती तपासून शेतकऱ्यांना कोणतं खत टाकू नका ते सांगतो, खतवाले त्याला शिव्या देतात. इंझोरीची एक जण शाळेवर विज्ञान शिकवते, आणि एकीनं बचत गटाच्या बायकांना घेऊन फिनाइल आणि भांड्यांचा साबण काढला, तो कारंज्यात चांगला खपतो. मेडिकल मात्र कुणीच टाकलं नाही. गावाचा तेवढा हिरमोड झाला.

मी पाणी तपासते. गावोगावच्या बोअरचं, विहिरींचं. फ्लोराइड किती, नायट्रेट किती, प्यायचं की नाही. रोज सकाळी पहिली नळी नुसत्या शुद्ध पाण्याची लावते. आमच्या भाषेत त्याला ब्लँक म्हणतात. ज्यात काहीच नसायला हवं ते आधी तपासायचं, मग दुसऱ्याच्या पाण्याला नावं ठेवायची. ही सवय घरीही लागली आहे. नवऱ्यावर चिडायच्या आधी मी बघते की बाई, चिडचिड त्याच्यात आहे की आपण ऑफिसातूनच भरून आणली? बहुतेक वेळा आपलीच निघते. ते मी त्याला सांगत नाही, तो भाग वेगळा.

पण हे सगळं नंतरचं. त्या उन्हाळ्यात एम.एस्सी.ची लिस्ट मोबाइलवर लागली. मी खालून वाचायला लागले, कारण वरच्या नावांत असण्याइतकी मी शहाणी नव्हतेच. खालच्या काही ओळींतच माझं नाव होतं. प्रॅक्टिकलच्या मार्कांनी मला ढकलून आत टाकलं होतं. माय चुलीपाशी बसून आधी हसली आणि मग रडली. बाबांनी बाहेर जाऊन जीप धुवायला काढली.

अमरावतीला निघायच्या दिवशी मी मागच्या सीटवर बॅग टाकली आणि सवयीनं आणखी कोण कोण बसतं म्हणून सरकून घेतलं. कुणीच बसलं नाही. बाबांनी गाडी सुरू केली. स्टँडवर लोक उभे होते, नेहमीचेच, बाबांना नावानं ओळखणारे. हात वर झाले. "जय भीम, थांबा थांबा!" बाबांनी काचेतून हात जोडले आणि पुढे काढली. पुढच्या फाट्यावर पुन्हा हात. पुन्हा तेच. ज्या माणसानं आयुष्यात रस्त्यावरचा हात रिकामा जाऊ दिला नाही, त्याला काय झालं मला कळेना. शेवटी एक आजी सरळ गाडीच्या आडवीच आली. थांबावं लागलं.

"भरली हाय गाडी, माय," बाबा म्हणाले. "मांगून दुसरी येऊन राह्यली."

आजीनं मान आत घालून पुढून मागून सगळं बघून घेतलं. "कायची भरली रे? एकटी पोट्टी त बसून हाय!"

"मंग?" बाबांनी गिअर टाकला. "आज तेवढ्यातच भरली."